कृत आणि कृतज्ञता : कर्करोगकथनातील परिचारकाचे स्थान

१

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत वाचल्या जाणाऱ्या दैनिकांच्या आतल्या पानांवर 'जाहीर आभार' अशा मथळ्याचा चौकटीतला मजकूर अधूनमधून दिसतो. घरातील कोणी दीर्घ आजारातून उठलेले असते, किंवा त्याच आजारात कोणाचे निधन झालेले असते. कुटुंबीयांनी डॉक्टरांचे नाव पदव्यांसह छापलेले असते आणि अखेरच्या ओळीत 'सर्व परिचारिका व कर्मचारी वृंद' यांचेही आभार मानलेले असतात. या मजकुराकडे वाङ्मय म्हणून कोणी पाहत नाही आणि तशी अपेक्षाही नसते. तरीही त्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. ज्याची गाठ उपचाराच्या काही निर्णायक क्षणी पडली त्याला स्वतंत्र नाव आहे. ज्यांच्या हाताखालून रोजचा दिवस गेला त्यांच्या वाट्याला समूहवाचक संस्कृत शब्द आला आहे. एकीकडे व्यक्ती आणि दुसरीकडे वृंद, अशी ही विभागणी आहे.

ही विभागणी वृत्तपत्रातील चौकटीपुरती राहिली असती तर तिची चर्चा समाजशास्त्राकडे सोपवता आली असती. परंतु आजारपणाविषयीच्या मराठी आत्मपर लेखनात आणि पुस्तकांच्या ऋणनिर्देशांतही तीच पुष्कळदा आढळते. म्हणून प्रश्न वाङ्मयीन ठरतो. कृतज्ञता ही केवळ मनोवृत्ती नसून ती कथनाची एक कृती आहे असे मानले, तर ती कोणत्या भाषेत, कोणत्या रूपबंधात आणि कोणाला वगळून घडते हे तपासावे लागते. कर्करोगाच्या उपचारात रोग्याला सावरणाऱ्या परिचारक वर्गाविषयीची कृतज्ञता मराठीत कशी आकार घेते आणि कोठे अडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्यासाठी सातारा-सांगलीचा पट्टा समोर ठेवण्यास कारण आहे. हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कर्करोगाचे निदान झाले की या भागातील रोग्याने परळच्या, १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आसरा शोधावा, हा दीर्घकाळचा परिपाठ. आता मिरज, कराड, सातारा येथेही किरणोपचार आणि केमोथेरपी मिळते. रोगी आणि परिचारिका एकाच तालुक्यातले, एकाच बोलीचे असण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे. आभाराची भाषा या जवळिकीमुळे बदलली पाहिजे होती. ती फारशी बदललेली दिसत नाही.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. मराठीत या भावनेसाठी चार मुख्य शब्द आहेत: आभार, उपकार, ऋण आणि कृतज्ञता. 'आभार' या शब्दात भार दडलेला आहे. तो 'मानायचा' असतो, आणि मानला की बहुधा उतरतो. म्हणूनच घरातल्या माणसाचे आभार मानणे मराठी मनाला औपचारिक, क्वचित दुखावणारेही वाटते. 'उपकार' याहून जड. त्याचे ओझे होते, ते फेडावे लागते, त्यातून उतराई व्हावे लागते, आणि उपकारकर्ता उपकृतापेक्षा नेहमी एक पायरी वर उभा असतो. 'ऋण' हा शब्द धर्मविचारातून आलेला आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली आणि ते माणसांना आसरा व अन्न देऊन फिटते असे मानले. व्यवहारात मात्र देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण यांचाच उच्चार अधिक झाला. माणसाने माणसाचे देणे लागावे हा चौथा विचार मागे पडला.

चौथा शब्द सर्वांत वेगळा आहे. कृतज्ञ म्हणजे 'कृत' जाणणारा. या शब्दात ओझे नाही, परतफेड नाही, उच्चनीचताही नाही. त्यात ज्ञान आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'कृतघ्न', म्हणजे केलेले नष्ट करणारा. या दोहोंच्या मध्ये तिसरी एक अवस्था संभवते, जिला भाषेने नाव दिलेले नाही: मन भरून आलेले आहे, परंतु समोरच्याने नेमके काय केले हे ठाऊक नाही. आजारपणाच्या लेखनातील बरीचशी कृतज्ञता या तिसऱ्या अवस्थेत मोडते. तिच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ती भावनेने समृद्ध आहे आणि ज्ञानाने अपुरी आहे, एवढेच म्हणायचे आहे.

३

परिचारकाच्या कर्माला भारतीय परंपरेत सैद्धांतिक स्थान नव्हते असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण आहेत. उपस्थात्याच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता असावी अशी अपेक्षा आहे. यांपैकी पहिला गुण ज्ञानाचा आहे, हे विसरता येत नाही. परिचर्या म्हणजे मायाळूपणाने केलेली हमाली नव्हे, ती एक विद्या आहे, अशी ही धारणा आहे. त्याचबरोबर तिची मर्यादाही दाखवली पाहिजे. परिचारकाचा अनुराग ज्याच्याविषयी असावा त्याला तेथे 'भर्ता' म्हटले आहे. पोशिंदा आणि पोसला जाणारा हे नाते त्यात गृहीत आहे. चारही पादांत वैद्य प्रधान आहे, असेही तोच अध्याय सांगतो. परिचारकाला स्थान आहे, पण ते पायरीवरचे आहे.

वाङ्मयविचाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे आहेत ते रोग्याचे चार गुण: स्मृती, सांगितलेले करण्याची वृत्ती, निर्भयता आणि ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते आहे ते नेमके सांगता येण्याची शक्ती. स्मृती आणि ज्ञापकत्व हे दोन गुण एकत्र ठेवले की रोगी हा मूलतः निवेदक ठरतो. पाश्चात्त्य समीक्षेत 'आजारकथन' ही संकल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस, आर्थर क्लाइनमन (१९८८) आणि आर्थर फ्रँक (१९९५) यांच्या ग्रंथांतून दृढ झाली. येथे तिचे बीज चिकित्सेच्या व्याख्येतच पडलेले आहे. हे ज्ञापकत्व रोगापुरते मर्यादित ठेवायचे की शुश्रूषेपर्यंत न्यायचे, हा पुढचा प्रश्न. जो रोगी दुखणे कोठे आणि कसे होते ते सांगू शकतो, त्याला आपल्यासाठी काय केले गेले तेही तितक्याच नेमकेपणाने सांगता आले पाहिजे. कृतज्ञता हा ज्ञापकत्वाचाच विस्तार आहे.

४

तसे ते सांगितले का जात नाही? त्याचे एक कारण कथनाच्या स्वरूपातच आहे. जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनातील वारंवारतेचा विचार करताना, एकदा घडलेले एकदा सांगणे आणि अनेकदा घडलेले एकदाच सांगणे यांत भेद केला. दुसऱ्या प्रकाराला पुनरावर्ती कथन म्हणता येईल. कथानक उभे राहते ते पहिल्या प्रकारावर. निदान एकदा होते, शस्त्रक्रिया एकदा होते, 'आता काळजीचे कारण नाही' हे वाक्य एकदाच उच्चारले जाते, आणि ही सगळी डॉक्टरांच्या हातची किंवा तोंडची असतात. परिचर्या मात्र पुन्हा पुन्हा घडते. लेखक तिला 'रोज', 'दर वेळी', 'नेहमी' अशा क्रियाविशेषणांत गुंडाळतो आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतो. परिचारिका कथानकातून गळते ती बहुधा लेखकाच्या अनुदारपणामुळे नव्हे. तिचे काम ज्या काळात घडते त्या काळाला प्रसंगप्रधान कथनात जागाच नसते.

कर्करोगाच्या उपचारात हे विशेषत्वाने घडते, कारण हा उपचारच आवर्तनांचा आहे. केमोथेरपीच्या फेऱ्या पुष्कळदा एकवीस दिवसांच्या अंतराने येतात. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतो. या काळात परिचारिकेच्या हातून काय घडते ते पाहिले पाहिजे. प्रत्येक फेरीगणिक शिरा कडक होत जातात, आत जातात. सुईला धरील अशी शीर शोधणे हे बोटांनी करायचे वाचन असते. काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर तेथील त्वचा आणि मांस भाजल्यासारखे होते. म्हणून सलाईन सुरू असताना हाताकडे लक्ष ठेवणे, आग होते का हे पुन्हा पुन्हा विचारणे आवश्यक असते. उलटीचे औषध उलटीच्या आधी द्यावे लागते. केस जातील, आणि पुष्कळदा परतही येतील, हे कोणीतरी योग्य वेळी सांगावे लागते. जिभेच्या किंवा गालाच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातल्या नळीवाटे पातळ अन्न द्यावे लागते आणि बोलू न शकणाऱ्याच्या खुणा समजून घ्याव्या लागतात. किरणोपचाराच्या खोलीतला तंत्रज्ञ त्वचेवर शाईच्या खुणा करतो, त्या धुऊ नका असे बजावतो आणि रोज त्याच जागी, त्याच स्थितीत रोग्याला निजवतो. मशेरी-तंबाखूच्या सवयीमुळे तोंडाचा कर्करोग जेथे परिचयाचा झाला आहे, तेथे या कामांचे प्रमाण किती असेल याची कल्पना करता येते.

यातील कोणतीही कृती एकदाच घडलेली नाही आणि कोणतीही केवळ मायेने साधणारी नाही. उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शुचिता या चारही गुणांची ती बेरीज आहे. 'सिस्टर फार प्रेमळ होत्या' असे वाक्य लिहिताना लेखक चारांपैकी एकच गुण उचलतो, आणि तोही असा की जो स्त्रीच्या ठिकाणी समाजाने आधीच गृहीत धरलेला आहे. स्तुतीच्या या पद्धतीत ज्ञान डॉक्टरांकडे जाते आणि प्रेम परिचारिकेकडे राहते.

५

वॉर्डातील संबोधनांची व्यवस्था पाहिली की हीच वाटणी अधिक स्पष्ट होते. डॉक्टर हे 'साहेब' किंवा 'मॅडम' असतात. कृतज्ञतेच्या भरात ते 'देवमाणूस' होतात. परिचारिका 'सिस्टर' असते, पुरुष असल्यास 'ब्रदर'. झाडलोट करणारी, भांडे देणारी, अंग पुसणारी 'मावशी' असते आणि स्ट्रेचर ढकलणारे 'मामा'. ही सगळी नात्यांची नावे आहेत. परंतु प्रशिक्षित व्यक्तीला इंग्रजी नाते मिळाले आहे आणि अप्रशिक्षित व्यक्तीला मराठी. शासनव्यवहारानेही याच संकेताचा उपयोग केला. महाराष्ट्रात २०१२ साली आरंभ झालेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जीवनदायी योजना राबवताना रुग्णालयातील मार्गदर्शकाला 'आरोग्यमित्र' म्हटले गेले. गावातील आरोग्य कार्यकर्तीच्या पदनामाची आद्याक्षरे जोडून 'आशा' हे बाईचे नावच तयार झाले. साहेब, सिस्टर, मावशी, मित्र आणि आशा या चिन्हव्यवस्थेत रोगी वावरतो. तिच्यात सगळ्यांना नाते आहे आणि डॉक्टरांखेरीज क्वचितच कोणाला नाव आहे.

येथे घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. 'मावशी' या हाकेत खरी जवळीक असते. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी घ्यावे याचे नियम पिढ्यान् पिढ्या पाळले गेले, त्या समाजातील एखादा वयस्क रोगी अनोळखी जातीच्या बाईकडून अंग पुसून घेतो आणि तिला आईच्या बहिणीच्या नात्याने हाक मारतो, ही साधी घटना नव्हे. आजाराने शरीर उघडे पाडले, आणि त्या उघडेपणात भाषेने एक तात्पुरते कुळ उभारले, असे म्हणता येईल. तथापि हे कुळ वॉर्डाच्या दारापर्यंतच टिकते. घरी परतलेल्या रोग्याच्या सत्यनारायणाला किंवा नातवाच्या लग्नाला डॉक्टरांना पत्रिका जाते. मावशीचा पत्ता कोणाजवळ नसतो, कारण तिचे नावच विचारलेले नसते. शिवाय नात्यात आभार मानायचे नसतात, हा मराठी संकेत येथे तिच्या विरुद्ध जातो. तिला मावशी म्हटल्याने तिचे करणे हे कर्तव्य ठरते, आणि कर्तव्याचा उल्लेख करण्याची गरज उरत नाही.

देवत्व आणि नाते ही दोन टोके वरवर परस्परविरोधी दिसली तरी त्यांचे कार्य एकच आहे. देवाचे उपकार फिटत नाहीत म्हणून फेडण्याचा प्रश्न उरत नाही. नातलगाचे उपकार मोजायचे नसतात म्हणून मोजण्याचा प्रश्न उरत नाही. दोन्हीकडे 'कृत' अज्ञात राहते. देवमाणूस ठरलेल्या डॉक्टरचेही श्रम, त्याचे चुकणे, त्याचा थकवा त्या शब्दाआड झाकला जातो, ही त्याची हानीच आहे.

६

या प्रदेशाचा स्वतःचा इतिहास पाहता शुश्रूषेची स्मृती कशी जपली जाते आणि कशी पुसली जाते, दोन्हींची उदाहरणे सापडतात. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले. पुढे परिचर्येचे शिक्षणही तेथे सुरू झाले आणि मिरज हे दक्षिण महाराष्ट्राचे वैद्यकीय केंद्र बनले. सांगली आणि मिरजेच्या दरम्यान 'वानलेसवाडी' हे स्थलनाम आजही आहे. लोकांनी कृतज्ञता भूगोलात नोंदवली, आणि तीही 'वाडी' हा अस्सल गावरान प्रत्यय लावून. वानलेस यांनी १९३२ साली लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातही भारतात काम करणारा 'डॉक्टर' एकवचनी आहे. त्या रुग्णालयात शिकून जिल्ह्याजिल्ह्यांत गेलेल्या परिचारिकांच्या नावाची वाडी मात्र कोठे झाली नाही.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांचे. त्यांचा जन्म देवराष्ट्रे येथला. हे गाव पूर्वी साताऱ्यात होते, आता सांगली जिल्ह्यात आहे. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या ग्रंथात न्यायमूर्तींच्या अखेरच्या आजारपणापर्यंतचा सहवास त्यांनी मांडला. तेथे शुश्रूषा पत्नीधर्माचा भाग आहे. ती करणारी स्वतः लिहीत असूनही तिचे श्रेय ती मागत नाही. याच रमाबाईंनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना परिचर्येच्या रीतसर शिक्षणाकडे वळवले. म्हणजे एकाच स्त्रीच्या आयुष्यात 'सेवा' हा शब्द घरातील न बोलल्या जाणाऱ्या कर्तव्याकडून शिकून घेतलेल्या, वेतन असलेल्या व्यवसायाकडे गेला. आठवणींचे लेखन आणि सेवासदनाचे कार्य यांचा एकत्र विचार केल्यास मराठी आत्मचरित्राच्या अभ्यासाला एक वेगळी दिशा मिळू शकेल. सेवा व्यवसाय झाली. तिच्याविषयी बोलण्याची भाषा मात्र घरातलीच राहिली, हा तो अंतर्विरोध आहे.

तिसरे उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे. नायगावच्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्याच. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. समाजाने त्यांना शिक्षिका म्हणून स्मरणात ठेवले, ते योग्यच आहे. परंतु त्यांची अखेरची कृती परिचारिकेची होती. शिल्पांत आणि चित्रांत त्यांच्या हाती पुस्तक दिसते, खांद्यावरचे आजारी मूल क्वचितच. अक्षर देणारा हात स्मृतीत राहतो आणि उचलून नेणारा हात विस्मृतीत जातो, हे त्यांच्याबाबतीतही टळले नाही.

७

प्रत्यक्ष कर्करोगाशी संबंधित मराठी कृतींकडे वळताना दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहता येतील. अरविंद बावडेकर यांच्या पुस्तकाचे नाव 'कॅन्सर माझा सांगाती' असे आहे. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या २०१५ मधील आत्मकथनाचे नाव 'लोक माझे सांगाती'. 'सांगाती' हा वारकरी परंपरेतून आलेला, वाट चालताना सोबत असणाऱ्याचा शब्द. एका शीर्षकात सांगाती रोग आहे, दुसऱ्यात लोक. पहिल्याने रोगाला शत्रू मानण्याचे नाकारले आहे. सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये कर्करोगाभोवतीच्या युद्धरूपकांवर जो आक्षेप घेतला त्याला हे देशी उत्तर आहे. झुंज, लढा, मात ही मराठी वृत्तपत्रांची आवडती रूपके रोग्याला सेनापती करतात आणि परिचारकांना अनाम सैन्य. 'सांगाती' या शब्दाने निदान रणांगणाची जागा वाटेला दिली. त्या वाटेवर वॉर्डातील माणसे कोठे चालतात, हे विचारण्याची सोय या शब्दात आहे.

परिचारक वर्गातील व्यक्तीला खरोखर पात्रत्व देणारी कृती म्हणून संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) या चित्रपटाचा उल्लेख करावा लागतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. कोकणातून आलेले आजोबा, डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेला नातू परशुराम, शस्त्रक्रिया करणारे डॉ. साने आणि रुग्णालयातील समाजसेविका आसावरी ही चार माणसे तेथे जवळजवळ चरकाच्या चतुष्पादासारखी उभी आहेत. शस्त्रक्रिया जीव वाचवणार आहे आणि दृष्टी नेणार आहे. हे सत्य मुलाला कोणी आणि कसे सांगायचे, हा चित्रपटाचा पेच आहे. आसावरीचे काम डॉक्टर आणि आजोबा यांच्या दोन भाषांमध्ये ये-जा करण्याचे. खिडक्या, कागद, रांगा, समजुती या पुनरावर्ती काळाचे चित्रण दृश्यमाध्यमाला साधते, कारण मार्गिकेतून पुन्हा एकदा जाणारी तीच बाई कॅमेऱ्याला 'रोज' या शब्दात गुंडाळून टाकता येत नाही. आजोबा नातवाला शस्त्रक्रियेपूर्वी जग दाखवायला घेऊन निघून जातात तेव्हा रुग्णालयाचा क्रम मोडतो. तो मोडल्यावरच तो किती जणांच्या खांद्यावर उभा होता ते प्रेक्षकाला कळते. आसावरीला येथे नाव आहे, काम आहे, आणि तिच्या कामाला मर्यादाही आहेत. तिला देवत्वही दिलेले नाही आणि मावशीपणही.

८

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. रोगी हा परावलंबी असतो. ज्याच्या हाती सुई आहे त्याच्याविषयी चांगले बोलणे हा त्याच्या सुरक्षिततेचा भाग असतो. मग त्याच्या कृतज्ञतेला स्वेच्छेची भाषा म्हणावे काय? तिच्यात भीती, खुशामत, गैरसोयीविषयीचे मौन मिसळलेले असणारच. मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे देणगी परतफेडीचे बंधन घेऊन येते. रोग्याजवळ परत देण्यासाठी बऱ्याचदा स्तुतीखेरीज काही नसते. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु त्याचे उत्तर कृतज्ञता सोडून देण्यात नाही. भावनिक, सरसकट स्तुतीतच तक्रार गिळली जाते. 'सगळे फार चांगले होते' या वाक्यात जे चांगले नव्हते तेही लपते. कोणी काय केले हे नेमके सांगणारी कृतज्ञता कोणी काय केले नाही हेही आपोआप उघड करते. कृत जाणणाऱ्यालाच अकृत दिसते. या अर्थाने नेमकी कृतज्ञता ही चिकित्सक वृत्तीची बहीण आहे, आणि अपुऱ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या वॉर्डांविषयी बोलण्याचा तोच विश्वसनीय मार्ग आहे.

दुसरा आक्षेप असा की, रोजच्या कामाची बारीकसारीक नोंद साहित्याला पेलणार नाही. ती यादी होईल. या आक्षेपाचे उत्तर मराठी परंपरेने सात शतकांपूर्वीच देऊन ठेवले आहे. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळतो, कांडतो, पाणी भरतो, केर काढतो, जनीचे केस विंचरतो. आधुनिक आजारकथन माणसाला देव करून त्याच्या श्रमांतून मोकळे होते. जनाबाईने देवाला श्रमांत उतरवले आणि प्रत्येक श्रमाचे नाव घेतले. तिच्या कृतज्ञतेत स्तोत्रातली विशेषणे गौण आहेत, क्रियापदे प्रमुख आहेत. शिवाय तिच्या रचनेमागे जात्यावरच्या ओवीचा ठेका आहे, आणि ओवी हा पुनरावर्ती काळाचाच रूपबंध आहे: तेच काम, तोच फेरा, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर नवी ओळ. कादंबरीच्या आणि आत्मचरित्राच्या प्रसंगप्रधान घडणीत जे मावत नाही ते धारण करणारे रूप मराठीत स्त्रियांनी जात्यावर घडवलेले आहे. दळणाऱ्या हाताची भाषा शीर शोधणाऱ्या हातापर्यंत नेणे हे मराठी कर्करोगकथनापुढील एक वाङ्मयीन आव्हान आहे.

त्या दृष्टीने समीक्षेलाही आपली मापे बदलावी लागतील. आजारपणावरील पुस्तकाचे परीक्षण करताना लेखकाचे धैर्य, विनोदबुद्धी, जीवनेच्छा यांची नोंद आपण घेतो. त्याबरोबरच पुस्तकात किती माणसांना नावे आहेत, परिचर्येची वर्णने विशेषणांनी होतात की क्रियापदांनी, अनुरागाबरोबर उपचारज्ञतेचीही दखल घेतली आहे काय, हे प्रश्न विचारणे आवश्यक आहे. जिल्हा दैनिकांतील 'जाहीर आभार', स्थानिक पुस्तकांचे ऋणनिर्देश, रुग्णालयांतील अभिप्रायवह्या यांचा संग्रह आणि अभ्यास सातारा, सांगली, मिरज, कराड येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना सहज हाती घेता येईल. अभिप्रायवहीत एखाद्या निवृत्त शिक्षकाने, एखाद्या शेतकऱ्याने, वळणदार किंवा अडखळत्या अक्षरात एखाद्या परिचारिकेचे पूर्ण नाव लिहून, तिने कोणत्या रात्री काय केले हे दोन ओळींत नोंदवले असेल, तर मराठी आजारकथनाचा आरंभ तेथून मोजता येईल.